बॉयलरला भांडवल, चुलीला फुंकणी

श्रीगोंद्यात गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅसचा कण अन् कण कामी यावा म्हणून तज्ज्ञ राबतात; ऊस तोडणारी स्त्री मात्र कोपीपुढे तीन दगडांच्या चुलीवर धूर गिळते. १९८३ पासूनच्या सरकारी योजनेतील धुराड्याची चूल भिंतीला टेकून बांधायची. जिला भिंतच नाही, तिने काय करावे? फडात जाळल्या जाणाऱ्या पाचटाचा कोळसा पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने करून दाखविला. २००२ साली त्यास अ‍ॅश्डेन पुरस्कारही मिळाला. (बंद कोपीत मात्र शेगडी नको, कोळशाचा वायू जीव घेतो.) सुधारलेली, सोबत नेता येणारी शेगडी आणि हंगामभराचा कोळसा कारखान्यांनी तळावर पुरवावा. त्याचा खर्च मजुरांच्या उचलीत मांडला जाणार नाही, हे कलम पुढील करारात आलेच पाहिजे.