फुकट खेळाचे बिल कोणाच्या नावावर?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा घाईघाईने संमत केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा आणि २२ ला राष्ट्रपतींची स्वाक्षरी. पैसे लावून खेळायची रमी, पोकर, फँटसी क्रिकेट हे सारे या कायद्याने बेकायदा ठरवले. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्यास शिक्षा नाही. पगाराच्या दिवशी मोबाईलवर पगार हरणारे आम्ही पाहिले आहेत, म्हणून या तरतुदीचे आम्हांस वाईट वाटत नाही. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या, तेथे काय व्हायचे ते होईल.

परंतु माजरीत या कायद्याने काय बदलले, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर एवढेच की, बापाच्या मोबाईलवरचा जुगार अडचणीत आला, पोराच्या मोबाईलवरचा 'फुकट' खेळ जसाच्या तसा आहे. कारण या कायद्याने खेळांचे तीन गट केले. पैशाचा खेळ बंद, ई-स्पोर्ट्सला मान्यता आणि तिसरा गट 'सामाजिक खेळ'. फुकट उतरवून घ्यायचे आणि आत गेल्यावर खरेदी करायचे बहुतेक खेळ या तिसऱ्या गटात बसतात. त्यांना नुसती मोकळीक नाही, सरकारने उत्तेजन द्यावे अशी तरतूद आहे.

या खेळांविषयी लिहिताना पोरांना शिव्या घालण्याची पद्धत पडली आहे. 'मोबाईलने पिढी बिघडली' असे म्हटले की मोठ्यांची जबाबदारी संपते. आम्ही तसे म्हणणार नाही. पोरगे त्यात रमते याला कारणे आहेत आणि ती खरी आहेत. माजरी हे वेकोलिच्या खाणींचे गाव. एकीकडे खुली खाण, दुसरीकडे मातीचे ढिगारे आणि रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची धूळ. बाप रात्रपाळी करून दिवसा झोपतो, तेव्हा घरात आवाज करायचा नाही. २०१६ च्या सप्टेंबरपासून इंटरनेट स्वस्त झाले आणि एका मोबाईलमध्ये मैदान, मित्र आणि लढाई हे सारे मिळू लागले. चार मित्र चार घरांत बसून एक तुकडी करतात, कानाला हेडफोन लावून एकमेकांना सावध करतात, एकाला लागले की दुसरा धावतो. यात बुद्धी लागते, हात लागतो आणि मैत्रीही लागते.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांच्या लगेच ध्यानात येईल. या खेळात शिरताना आपले नाव आपणच ठेवायचे असते. आडनाव कोणी विचारत नाही, वस्ती कोणती ते विचारत नाही. पालवणकर बाळू यांची गोलंदाजी पुण्याच्या क्लबला हवी होती, पण चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात मिळे. तो इतिहास ठाऊक असणाऱ्यांना, सगळे एकाच वेळी रिकाम्या हाताने मैदानात उतरतात या गोष्टीचे मोल सांगावे लागत नाही. हरलो तर आपल्या चुकीने हरलो, पुन्हा खेळून सुधारू, ही भावना चांगल्या खेळाचा प्राण आहे. नवी मुंबईच्या कंपनीने २०१६ मध्ये आणलेला लुडो किंग २०२० च्या टाळेबंदीत घरोघर पोचला. त्यातही दुसरे काही नव्हते. जुन्या सोंगट्यांचाच पट, घरात एकच मोबाईल आणि तो हातोहात फिरवत खेळणारी चार माणसे.

मग चीड कोठून येते? पोरगे मोबाईल आपटते, चिडते, जेवत नाही, ते हरल्यामुळे असे पालकांना वाटते. हरणे तर कबड्डीतही आहे. येथे प्रकार निराळा आहे. ही चीड खेळ बिघडल्यामुळे आलेली नसते, ती ठरवून पेरलेली असते, कारण तीच विकायची असते.

कँडी क्रशचे उदाहरण पाहा. पाच जीव मिळतात, ते संपले की एक जीव परत मिळायला अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे द्या. पहिल्या पायऱ्या मुद्दाम सोप्या, पोराला आपण हुशार आहोत असे वाटते. मग एक पायरी अशी येते की थोडक्यात हुकते, पुन्हा थोडक्यात हुकते आणि नेमके तेव्हाच 'आणखी पाच चाली घ्या' अशी पाटी येते. लढाईच्या खेळात रुपयांचे आधी हिरे किंवा नाणी होतात. हे का? पन्नास रुपयांची नोट हातातून जाते तेव्हा दुखते, साठ हिरे गेले तर दुखत नाही. शिवाय हिऱ्यांचे पुडे असे बांधलेले असतात की हव्या त्या वस्तूला थोडे कमी पडावेत आणि दुसरा पुडा घेतला की थोडे उरावेत. उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून तिसरा पुडा. किराणा दुकानदार असा वागला तर गिऱ्हाईक त्याच्या दारात भांडेल.

पेटीचा प्रकार तर याहून पुढचा. हिरे देऊन बंद पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसले की प्राणी कळ दाबतच राहतो, हे स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून फार पूर्वी दाखवून दिले आहे. पेटीतून काय निघण्याची शक्यता किती, हे उघड सांगा असा नियम अ‍ॅपलने २०१७ मध्ये व गुगलने २०१९ मध्ये केला. कंपन्या सांगतातही, पण कोठेतरी आत, बारीक इंग्रजी अक्षरांत. नववीतले पोरगे ते वाचून टक्केवारीचे गणित करील आणि मग पेटी उघडील काय?

जे पैसे देत नाहीत त्यांच्यासाठी जाहिराती आहेत. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला, चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. पुढे त्यांचे खाते बदलले आणि मिळाले ते क्रीडा खाते! खुलासा खरा की खोटा हे आम्ही सांगणार नाही. पण जाहिरातीच्या कोपऱ्यातली फुली इतकी बारीक की बोट चुकावे आणि भलतेच दुकान उघडावे, हा अनुभव माजरीतल्या प्रत्येक पोराला आहे.

आता मुख्य मुद्दा. या धंद्यात बहुतेक जण एक पैसाही देत नाहीत, थोडे लोक भरमसाट देतात आणि कंपनी त्यांच्यावर चालते. या मोठ्या गिऱ्हाइकाला धंद्यात 'देवमासा' म्हणतात. मग फुकट खेळणाऱ्या लाखो पोरांना कंपनी का पोसते? कारण देवमाशाला हरवायला कोणीतरी लागते. त्याची सोन्याची बंदूक, पंखांचा पोशाख बघायला गर्दी लागते. ती गर्दी म्हणजे आमची पोरे. ती गिऱ्हाईक नाहीत, दुकानातला माल आहेत. काही खेळांत तर पैसे देणाऱ्याचे शस्त्रच अधिक मारक असते. जेथे तसे नाही तेथे पोशाखावरून पायरी ठरते. साधा, फुकटचा पोशाख असलेल्याला 'नूब' म्हणून हिणवतात, तुकडीत घेत नाहीत. आडनाव न विचारणाऱ्या मैदानात अशी नवी उतरंड उभी राहिली आणि तिच्यात वर चढायचा दर हिऱ्यांत लिहिला आहे. ठेकेदारीत काम करणाऱ्या कामगाराचे पोरगे बापाच्या मोबाईलचा यूपीआय पिन पाहून ठेवते ते याच ठिकाणी. त्याला चोर म्हणण्यापूर्वी त्याच्यापुढे काय मांडून ठेवले होते ते पाहावे.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ११८ अ‍ॅपवर बंदी आली त्यात पबजी होता, फेब्रुवारी २०२२ मध्ये ५४ अ‍ॅपवर आली त्यात फ्री फायर होता. कारण दिले देशाच्या सुरक्षेचे. आतल्या दुकानाविषयी चकार शब्द नाही. म्हणूनच पबजीचा भारतीय अवतार २०२१ मध्ये आला, २०२२ मध्ये हटवला गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला आणि दुकान तेच राहिले.

दुसऱ्या देशांनी दुकानालाच हात घातला. जपानने २०१२ मध्ये पेट्यांतून संच पुरा करायला लावणारा प्रकार बंद केला. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्या जुगार ठरवल्या. अमेरिकेत फोर्टनाइटच्या कंपनीला, एका बटणाच्या चुकीने खरेदी होते अशा रचनेबद्दल, २४.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत देण्याचे डिसेंबर २०२२ मध्ये मान्य करावे लागले.

आपल्याकडचा कायदा दीर्घकाळ कौशल्य की नशीब याच वादात फिरला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ मानला आणि त्या निकालाच्या आडोशाने पुढे मोबाईलवरची रमी वाढली. २०२५ च्या कायद्याने तो वाद बाजूस सारला. पैसा किंवा अन्य पण लावून, पैशाच्या वा अन्य लाभाच्या आशेने खेळलेला खेळ बंद, अशी त्याची व्याख्या आहे आणि पैशाने विकत घेतलेली नाणी, टोकन हेही 'पण' या शब्दात धरले आहेत. मग हिरे देऊन उघडलेली पेटी त्यात का येऊ नये? कंपनी म्हणेल की आतल्या पोशाखाचे रोख पैसे होत नाहीत. पण 'अन्य लाभ' हे शब्द विधिमंडळाने उगाच घातले काय? आमच्या मते हा मुद्दा न्यायालयात मांडण्यासारखा आहे आणि तो तरुण वकिलांनी उचलावा.

तोवर पालकांच्या हातात काय आहे? भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही. अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरीबीबीच्या खटल्यात सांगितले आणि आजही तोच कायदा आहे. पोराने केलेली हिऱ्यांची खरेदी या तत्त्वावर आव्हान देण्याजोगी आहे. कंपनी सांगेल की खाते बापाचे, पिन बापाचा. म्हणून पुरावा जपावा लागतो. आमच्याकडे पालक येतात ते बहुधा रागाच्या भरात खेळ काढून टाकून, खात्याचे नाव पुसून येतात. तसे करू नका. खरेदीच्या पावत्यांचे ईमेल, बँकेचा उतारा, खेळातील खात्याचे चित्र, पोराच्या जन्मतारखेचा दाखला आणि त्या वेळी बाप पाळीवर होता याची हजेरी, एवढे गोळा करा. आधी दुकानाकडे व कंपनीकडे परतावा मागा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यात खोटी घाई दाखवणे, सतत टोचणी लावणे असे १३ प्रकार नमूद आहेत, तक्रारीत त्यांचा उल्लेख अवश्य करा.

मुलांची माहिती गोळा करून त्यांना जाहिराती दाखवण्यास २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने मनाई केली, वय १८ धरले. पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि मुख्य बंधने लागू व्हायला आणखी १८ महिने ठेवले. तेव्हा दहावीत असलेला तोवर अकरावी संपवील.

फुकट आणि प्रामाणिक खेळ असतच नाही असे कोणी म्हणू नये. लिचेस हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ २०१० पासून विनामूल्य आहे. त्यात जाहिरात नाही, हिरे नाहीत, देणग्यांवर चालते. तेथे हरणारा पोरगाही चिडतो, पण त्या चिडीवर कोणी दुकान थाटलेले नसते.

राहिला खर्चाचा प्रश्न. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही. कंपनी सिंगापूरची असो की बंगळुरूची, तक्रारदार राहतो तेथे, म्हणजे माजरीकरांना चंद्रपुरात, दाद मागता येते. घटनेपासून मुदत दोन वर्षांची आहे.