दोनदां पहिल्या वर्गांत

विजयी क्लबांच्या कथा सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्याचें दप्तर कायमचें गुंडाळलें गेलें अशा क्लबाची हकीकत सांगावयास सहसा कोणी बसत नाहीं. आमच्या घरांतील मुलें रात्र रात्र जागून स्पेन देशांतील फुटबॉलचे सामने पाहतात. परंतु माद्रिद व बार्सेलोना या दोन नांवांपलीकडे त्या देशांत कांहीं असेल, याची त्यांस वार्ताही नसते. सबब तेथील एका लहान गांवच्या क्लबाचा वृत्तांत आज वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्पेनच्या नैर्ऋत्येस, पोर्तुगालच्या सरहद्दीस लागून, एक्स्त्रेमादुरा नांवाचा प्रांत आहे. मेक्सिको जिंकणारा कोर्तेस व पेरू जिंकणारा पिसारो हे दोघेही याच प्रांतचे. परमुलखांतील सोनें लुटणारे वीर जिनें प्रसवले ती भूमि स्वतः मात्र दरिद्रीच राहिली. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील लाखों माणसें पोटासाठीं माद्रिदला, बार्सेलोनाला आणि थेट जर्मनीपर्यंत गेलीं. याच प्रांताच्या बादाहोस जिल्ह्यांत अल्मेंद्रालेहो हें गांव आहे. 'अल्मेंद्रा' म्हणजे बदाम. तेव्हां आपल्याकडील वडगांव, पिंपळगांव यांच्याच जातीचें हें नांव समजावें. भोंवतीं तांबडी चिकण माती. तींत द्राक्षें व ऑलिव्ह पिकतात, आणि गांवाचा चरितार्थ मद्य व तेल यांवर चालतो. एस्प्रोन्सेदा हा नामांकित स्पॅनिश कवि १८०८ सालीं येथेंच जन्मला. १८४७ सालीं येथें जमिनींत थिओडोसियस या रोमन बादशहाची आकृति कोरलेलें चांदीचें एक भलें मोठें तबक सांपडलें. तें आतां माद्रिदच्या इतिहास-परिषदेंत आहे. चांगली वस्तु निघाली कीं ती राजधानीस जावयाची, हा नियम सर्वत्र सारखाच दिसतो.

या गांवांत १९२४ सालीं फुटबॉलचा एक क्लब स्थापन झाला व त्यास सबंध प्रांताचेंच नांव देण्यांत आलें. पहिलीं सत्तर वर्षें विशेष सांगण्यासारखीं नाहींत. १९५० नंतरच्या दशकांत कांहीं वर्षें तो दुसऱ्या वर्गांत खेळला, एवढें म्हटलें म्हणजे पुरे. त्याच्या मैदानाचें नांव फ्रान्सिस्को दे ला एरा. तेथें सुमारें साडेअकरा हजार माणसें बसूं शकतात, आणि ज्या काळाविषयीं आम्ही सांगणार आहों त्या काळीं गांवची वस्ती तीस हजारांच्या आंत होती. अर्थात् तान्हीं मुलें व अंथरुणास खिळलेलीं माणसें वगळलीं, तर निम्मा गांव एकाच वेळीं मैदानांत मावे.

येथें स्पेनमधील वर्गांची रीत सांगणें अवश्य आहे. पहिल्या वर्गांत सामान्यतः वीस क्लब असतात. वर्षभरांत प्रत्येकानें प्रत्येकाच्या गांवीं एकदां जावयाचें व त्यास आपल्या गांवीं एकदां बोलावावयाचें. वर्षाअखेर तळचे क्लब खालच्या वर्गांत उतरतात व तेथील वरचे चढतात. सीमेवरील क्लबांचा निकाल त्या काळीं आपसांतील सामन्यांनीं लागे. शाळेंतील इयत्तांसारखाच हा प्रकार. फरक एवढाच कीं थोरामोठ्यांस खालीं ढकलतांना येथें कोणाची भीड पडत नाहीं.

भीड पडत नाहीं असें आम्हीं म्हटलें खरें, पण १९९५ सालीं ती पडली. सेव्हिया व सेल्ता या दोन जुन्या क्लबांनीं मुदतींत हमीची रक्कम भरली नाहीं म्हणून त्यांस खालीं उतरविण्यांत आलें. त्यांच्या गांवचे लोक रस्त्यावर आले, आणि दोघांसही परत वर घ्यावें लागलें. त्यांच्या जागीं घेतलेल्या आल्बासेते व व्हायादोलिद या दोघांसही मग घालवितां येईना. परिणामीं दोन वर्षें वर्गांत बावीस जण झाले. आमचा क्लब १९९४ सालीं दुसऱ्या वर्गांत आला होता. १९९६ सालीं तो सीमेवर पोहोंचला, आणि तेथें त्याची गांठ पडली ती याच आल्बासेतेशीं. त्यास हरवून अल्मेंद्रालेहो पहिल्या वर्गांत दाखल झालें. ज्या बाकावर आल्बासेतेस दाटीवाटीनें बसविलें होतें त्याच बाकावर ही जागा मिळाली, ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटते.

आतां माद्रिद व बार्सेलोना यांस नियमानुसार या बदामाच्या गांवीं येणें भाग पडलें. क्लबानेंही हात सैल सोडून परदेशांतून खेळाडू आणले. त्यांत अर्जेंटिनांतील बोका ज्युनियर्स या बलाढ्य क्लबाचा गोलरक्षक नाव्हारो मोंतोया हा मुख्य होय. याचा जन्म कोलंबियांतील मेदेयीन शहरीं झाला. त्या शहराचें नांव मूळच्या मेदेयीनवरून पडलेलें; आणि तें मूळ मेदेयीन म्हणजे याच बादाहोस जिल्ह्यांतील कोर्तेसचें जन्मग्राम! गांवाचें नांव समुद्रापार गेलें व शेंकडों वर्षांनीं त्या नांवाच्या शहरांतला मनुष्य मूळ नांवाच्या शेजारीं चाकरीस आला. हा योगायोग अल्मेंद्रालेहोमध्यें कोणाच्या ध्यानांत आला होता कीं नाहीं कोण जाणे.

वर्षाअखेर क्लब एकोणिसावा आला. वर्गांतील संख्या पुन्हां वीसवर आणावयाची असल्यामुळें त्या वर्षीं नेहमींपेक्षां अधिक जणांस उतरावें लागलें व अल्मेंद्रालेहोही त्यांत सांपडलें. त्याच्या खालीं, विसाव्या क्रमांकावर, कोण होतें? लोकक्षोभामुळें वांचलेलें तेंच सेव्हिया.

याहूनही चमत्कारिक गोष्ट पुढें आहे. अल्मेंद्रालेहोपासून तीसएक किलोमीटरांवर मेरिदा हें रोमनांनीं वसविलेलें शहर आहे. तेथील क्लब १९९५ सालीं वर चढला आणि १९९६ सालीं उतरला. तो उतरला त्याच वर्षीं अल्मेंद्रालेहो चढलें. १९९७ सालीं हें उतरलें तों मेरिदा पुन्हां चढलें. १९९८ सालीं तें उतरलें तों हें चढलें. चार वर्षें त्या गरीब प्रांताचा एक ना एक क्लब पहिल्या वर्गांत होता, आणि दोघे एकत्र कधींही नव्हते. जणूं एकाच अंगरख्यावर दोन भावांचें भागत होतें. नाव्हारो मोंतोयाही १९९७ सालीं मेरिदाकडे गेला. तें मेरिदा २००० सालीं बंद पडलें.

१९९८ ची बढती क्लबानें दुसऱ्या वर्गांत दुसरा क्रमांक मिळवून संपादिली. त्या वेळचा शिक्षक राफाएल बेनीतेझ हा तेव्हां अवघा अडतीस वर्षांचा होता. पुढील वर्षीं क्लब सतरावा आला, सीमेवरील सामन्यांत रायो व्हायेकानोपुढें दोनही वेळां हरला आणि उतरला तो कायमचा. बेनीतेझ गांव सोडून गेला. २००२ व २००४ सालीं त्यानें व्हालेन्सियास स्पेनचें अजिंक्यपद मिळवून दिलें आणि २००५ सालीं लिव्हरपूलला युरोपचें. आमच्या घरच्या मुलांस बेनीतेझचें नांव तोंडपाठ आहे. त्यानें धडे कोठें गिरविले हें आम्हींच त्यांस सांगितलें.

१९९८ सालीं अल्मेंद्रालेहोबरोबर व्हियारेआल या दुसऱ्या एका लहान गांवचा क्लबही वर चढला होता. वस्ती सुमारें पन्नास हजार. १९९९ सालीं तोही याच्यासवें उतरला. परंतु वर्षभरांत परत चढला, २००६ सालीं युरोपच्या उपांत्य फेरींत गेला व २०२१ सालीं युरोपा लीगचा चषक घेऊन आला. एकाच बाकावरच्या दोघांची गति इतकी भिन्न कां झाली? १९९७ सालीं व्हियारेआलचा क्लब फेर्नांदो रोइग या चिनी मातीच्या फरशांच्या धनाढ्य कारखानदारानें विकत घेतला होता. १९९० च्या कायद्यानें वरच्या दोन वर्गांतील क्लबांस भागभांडवलाच्या कंपन्या होणें भाग पडलें होतें. हिशेब स्वच्छ असलेल्या चार क्लबांसच सूट मिळाली. कर्जाला कोणी तरी धनी असावा हा हेतु. हेतु चांगला, पण जेथें धनी सधन व चिकाटीचा लाभला तेथें क्लब तरला, आणि जेथें तसा कोणी नव्हता तेथें कागदोपत्रीं भागधारक काय करणार? वरच्या वर्गांत दूरदर्शनचा पैसा येतो, खालच्या वर्गांत तो आटतो. खेळाडूंशीं केलेले करार मात्र आटत नाहींत. लग्नाचा मांडव उतरला म्हणून मांडववाल्याचें देणें उतरत नाहीं, हें कर्त्या पुरुषांस सांगावयास नको. ती कंपनीची सक्ती २०२२ च्या नव्या कायद्यानें उठली.

अल्मेंद्रालेहोचा क्लब २००२ सालीं तिसऱ्या पायरीवर घसरला, पुढें आणखी खालीं गेला, आणि २०१० सालीं संपला. तत्पूर्वींच, २००७ सालीं, गांवांत दुसरा क्लब निघाला होता. त्यानेंही प्रांताचेंच नांव घेतलें. २०१८ सालीं तो दुसऱ्या वर्गापर्यंत पोहोंचला. होसे आंतोनियो रेयेस हा स्पेनचा नामवंत खेळाडू त्याचाच सभासद असतांना १ जून २०१९ रोजीं मोटारीच्या अपघातांत मरण पावला. २०२० सालीं क्लब उतरला, वेतनें थकलीं, २०२२ सालीं हंगाम अर्धाच असतां स्पर्धेंतून बाद झाला व त्याचाही ग्रंथ आटोपला.

पित्याचें ऋण पुत्रानें फेडावें असें आमचें धर्मशास्त्र सांगतें. नव्यानें नोंदलेला क्लब ही कायद्याच्या दृष्टीनें निराळीच व्यक्ति; मागल्याचे जय त्याच्या नांवावर चढत नाहींत. असें असतां त्याच २०२२ सालीं गांवानें तिसरा क्लब काढला, आणि त्याच्या नांवांतच १९२४ हा आंकडा घातला. प्रांतिक सामन्यांच्या खालच्या वर्गांत त्याचें नांव दाखल झालें.