संगणक पुसावा कीं दुरुस्त करावा?

संगणक सुरू होईनासा झाला, पडद्यावर निळा रंग येऊन यंत्र पुनःपुन्हां बंद पडूं लागलें, कीं आपल्याकडे बहुधा एकच उपाय सांगण्यांत येतो : "फॉरमॅट मारा." यंत्र नव्यासारखें चालूं लागतें, हें खरें, परंतु मुलाचीं वर्षभराचीं टिपणें व आजोबांचीं छायाचित्रें कोठें आहेत असें विचारतांच, "तीं आधीं सांगायचीं होतीं," असें उत्तर मिळतें. या रीतीस दुरुस्ती म्हणावयास मी तयार नाहीं.

पालकहो, संगणकांत दोन प्रकारच्या फाइली असतात : यंत्र चालविणाऱ्या आणि आपल्या स्वतःच्या. विंडोजचें अपडेट चालू असतां वीज गेली (आणि ती जातेच!) तर पहिल्या प्रकारची एखादी फाइल अर्धवट लिहिली जाते व संगणक उंबरठ्यावरच अडतो. आपल्या फाइली बहुधा जशाच्या तशा असतात. मात्र मुलें सारें कांहीं डेस्कटॉपवर ठेवितात, व तो सामान्यतः विंडोजच्याच सी ड्राइव्हवर असल्यामुळें फॉरमॅटमध्यें तेंहि जातें. शाळेची किल्ली मोडली म्हणून कोणी ग्रंथालय जाळीत नाहीं.

ता. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष फाइलीमुळें जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतांतहि कांहीं विमानप्रवाशांस हातानें लिहिलेलीं प्रवेशपत्रें द्यावीं लागलीं. उपाय काय होता? सेफ मोडमध्यें यंत्र उघडून ती एक फाइल काढणें. कोणी ८५ लाख संगणक पुसले नाहींत.

विंडोजमध्यें दुरुस्तीची सोय आहेच. सुरू होतांना लागोपाठ अडथळा आल्यास दुरुस्तीचा पडदा बहुधा आपोआप येतो. न आल्यास दुसऱ्या संगणकावर ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून यंत्र उघडतां येतें. प्रथम आपल्या फाइलींची प्रत काढावी. मग 'स्टार्टअप रिपेअर' चालवावें. तेवढ्यानें न भागल्यास 'एसएफसी' ही आज्ञा बिघडलेल्या फाइली हुडकून त्यांच्या जागीं चांगल्या प्रती बसविते. त्या राखीव प्रतीच बिघडल्या असतील तर 'डिस्म' कामास येतें. ड्राइव्हला बिटलॉकरचें कुलूप असेल तर ४८ अंकी किल्ली हातीं हवी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र यंत्र ताबडतोब बंद करावें. तो रोग निराळा.

दुकानदारासच सर्व दोष देणें न्यायाचें नव्हे. गिऱ्हाइकास यंत्र संध्याकाळपर्यंत हवें असतें, आणि दोन तासांच्या मेहनतीचे पैसे देतांना तोंड वांकडें होतें. तेव्हां यंत्र हवालीं करतांना, "आधीं फाइली काढा, त्याचे पैसे निराळे घ्या," असें पालकांनींच स्पष्ट सांगावें.

आणि विद्यार्थ्यांस हें शिकवावयाचें कोणी? संगणकाच्या तासास चित्रें रंगविणें पुष्कळ झालें. इयत्ता नववीस एक बंद पडलेलें यंत्र देऊन तें हातानें सुरू करावयास लावावें. शाळेच्या कोपऱ्यांत धूळ खात पडलेला एखादा जुना संगणक या कामीं देण्यास कोणाची हरकत नसावी.