वसिष्ठाच्या घरात दोघं

परवा एका मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते. मुहूर्त दुपारी बारा सत्तावीसचा. सप्तपदी झाली आणि गुरुजींनी नवरा-नवरीला हॉलच्या दारात नेऊन भर उन्हात अरुंधतीचा तारा दाखवला! दोघांनीही 'दिसला, दिसला' म्हणून माना डोलावल्या. पोटात कावळे ओरडत असले की माणसाला काहीही दिसतं.

बुफेच्या रांगेत आमच्याच ग्रुपमधली दुसरी मैत्रीण भेटली. आयटीतली. चेहरा पार उतरलेला. सहा महिने रात्रीचा दिवस करून तिने जे काम उभं केलं, त्याचं प्रेझेंटेशन बॉसने क्लायंटसमोर स्वतःच्या नावावर खपवलं. शेवटच्या स्लाइडवर फक्त 'थँक्स टू द टीम'. "मग बोललीस का?" मी विचारलं. "वेडी आहेस का? अप्रेझल आहे." तिला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला मी तोंड उघडलं आणि जिलबी घालून बंद केलं. कारण माझ्याही ड्राफ्ट्समध्ये तीन आठवडे एक मेल पडून होता. एका मोठ्या स्टोरीसाठी मी फिरून मुलाखती आणल्या, आकडे गोळा केले, आणि छापून आली ती दुसऱ्याच्या नावाने. 'माझं नाव का नाही?' एवढंच विचारायचं होतं. पण फ्रीलान्सरने जास्त प्रश्न विचारले की फोन यायचे बंद होतात, हो ना?

घरी आल्यावर अरुंधतीबद्दल वाचत बसले आणि भलतीच बाई भेटली. अँटोनिया मॉरी.

आधी थोडं आकाश. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला उत्तरेकडे तोंड करून उभं राहा. सप्तर्षींचा पतंग दिसेल. त्याच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला चिकटून मंद दिसते ती अरुंधती. एकनिष्ठ जोडपं म्हणून आपण नवदांपत्याला दाखवतो ते हेच. पण १८८९ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेने जाहीर केलं, की हा वसिष्ठ एकटा नाहीच. त्याच्या आत दोन तारे एकमेकांना गरगर प्रदक्षिणा घालतायत. दुर्बिणीतूनही तेव्हा ते वेगळे दिसत नव्हते. मग कळलं कसं? वर्णपटावरून.

फंडा सोपा आहे. ताऱ्याचा प्रकाश प्रिझममधून जाऊ दिला की रंगांचा पट्टा पडतो आणि त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. फलाटावर न थांबणारी फास्ट लोकल जवळ येताना तिच्या हॉर्नचा सूर चढलेला असतो आणि पुढे निघून गेली की उतरतो. प्रकाशाचंही तसंच. तारा आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जात असेल तर लालकडे. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असले की एक येतो तेव्हा दुसरा जातो, आणि एका रेषेच्या दोन रेषा होतात. वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांना १८८७ सालच्या एका काचेच्या प्लेटवर ही जोडरेषा दिसली. पण प्लेटमागून प्लेट तपासायचं चिकट काम केलं ते मॉरीने. वय जेमतेम २३. लगेच सारथी तारकासमूहातला असाच दुसरा जोडतारा तिने स्वतः शोधला. त्याची फेरी चारच दिवसांची.

पिकरिंगच्या लेखात तिचं नाव आलं. एका वाक्यात. तेही 'डॉ. ड्रेपर यांची भाची' या ओळखीसकट!

तेव्हा हार्वर्डमध्ये अशा कामाला बायका असत आणि पगार असे ताशी २५ सेंट. मॉरी व्हासार कॉलेजची पदवीधर. तिला नुसते रकाने भरायचे नव्हते. उत्तरेकडच्या ठळक ताऱ्यांचं वर्गीकरण करताना रेषा कुठे आहेत एवढंच न बघता ती त्या जाड आहेत की बारीक, हेही बघायला लागली. सुरीने कापल्यासारख्या बारीक, रेखीव रेषांच्या ताऱ्यांचा तिने वेगळा गट केला. नाव दिलं 'सी'. यात वेळ जायचा. पिकरिंगना डेडलाइन होती, त्यांना झटपट यादी हवी होती. खटके उडाले, ती सोडून गेली, शाळेत शिकवायला लागली. काम दुसऱ्याकडे द्यायची वेळ आली तेव्हा १८९२ मध्ये तिने सरळ पत्र लिहिलं, की हे मी विचार करून उभं केलंय, माझं काम म्हणून ते उभं राहत नाही तोवर दुसऱ्याच्या हाती देणं योग्य नाही. १८९७ मध्ये ६८१ ताऱ्यांची सूची छापून आली. शीर्षकात तिचं नाव होतं. हार्वर्डच्या त्या मालेत बाईचं नाव असं पहिल्यांदाच आलं.

तरी वेधशाळेने पुढे अ‍ॅनी कॅननची सुटसुटीत पद्धत उचलली. 'सी' बाजूला पडला. मग १९०५ मध्ये डेन्मार्कच्या हर्टझस्प्रुंगने दाखवून दिलं, की हे बारीक रेषांचे तारे म्हणजे मुळातच अफाट तेजस्वी, महाकाय तारे आहेत. आपल्या मृगातला निळसर पांढरा रिगेल त्यांतलाच. असे तारे फुगलेले, त्यांचं वातावरण विरळ, दाब कमी, म्हणून रेषा पसरत नाहीत. हा गट सोडून देणं म्हणजे देवमासा आणि मासा एकाच टोपलीत टाकणं, असं त्याने पिकरिंगना कळवलं. सही ना? १९२२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने तिचा 'सी' स्वीकारला.

मॉरीने पुढची कित्येक वर्षं अभिजितजवळच्या बीटा लायरी या एकाच जोडताऱ्याला दिली. तिथे दोन उष्ण तारे १३ दिवसांहून थोड्या कमी वेळात एकमेकांभोवती फिरतात. एकाचं वस्तुमान दुसऱ्यावर ओतलं जातंय. कधीकाळी जो भारी होता तो आता सुमारे तीन सूर्यांइतका उरलाय, आणि घेणारा सुमारे १३ सूर्यांइतका झालाय, तोही स्वतःभोवती वायूची चकती घेऊन लपलेला. तिचा यावरचा अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४३ मध्ये तिला बक्षीस मिळालं ते त्याच अ‍ॅनी कॅननच्या नावाचं. तेव्हा ती ७७ वर्षांची होती.

म्हणजे हॅपी एंडिंग? छे. ५० वर्षं थांबायला कोणाकडे वेळ आहे? पण एक गोष्ट मला चिकटून राहिली. 'सी' गट खरा ठरला तो रेषा बारीक होत्या म्हणून, पत्रामुळे नाही. पण ते पत्र गेलं नसतं, तर ६८१ ताऱ्यांच्या वर तिचं नाव छापलं असतं का, याची मला खात्री वाटत नाही.

रात्री एक वाजता आयटीवालीला हे सगळं मेसेजवर पाठवलं. उत्तर आलं, "तू तुझा मेल पाठवलास का?" यार, ही असं पकडते! मग पाठवला. चार ओळी, एकही टोमणा नाही. अजून उत्तर नाही.

बाय द वे, आता वसिष्ठाच्या घरात चार तारे आहेत हे माहीत झालंय, आणि २००९ मध्ये अरुंधतीलाही एक जोडीदार सापडलाय. गुरुजींना सांगायची माझी हिंमत झाली नाही. ती पुढच्या लग्नात बघू.