न सापडणे आणि नसणे

व्यापारी घरात जुन्या कागदाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. पूर्वी ही कागदपत्रे कापडात बांधून माळ्यावर ठेवलेली असत. आज त्यांपैकी बरीचशी संगणकाच्या फोल्डरांत असतात. नोटीस आली, खरेदीचे एखादे बिल मागितले गेले आणि संगणकाने ‘सापडले नाही’ असे उत्तर दिले, तर ते बिल नाहीच असे आपण गृहीत धरतो. बिल दाखवता आले नाही, तर त्यावर घेतलेले टॅक्स क्रेडिट परत करण्याची वेळ येऊ शकते. म्हणून या लेखांकात फायली शोधणारी आज्ञावली आतून कशी चालते, हे पाहू. घरातील जी मुले पास्कल शिकत आहेत, त्यांना ती स्वतः लिहिता येईल. आणि जे लिहिणार नाहीत, त्यांना तिच्या नकारावर किती विसंबावे हे कळेल.

पास्कल भाषेचे नाव हिशेबाशी जोडलेले आहे, हे आपल्या वाचकांना विशेष वाटावे. फ्रान्समधील रुआँ येथे करवसुलीचे अधिकारी असलेल्या वडिलांचे आकडेमोडीचे कष्ट कमी व्हावेत, म्हणून ब्लेझ पास्कल या तरुणाने १६४२ साली बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र रचावयास घेतले. झुरिक येथील प्राध्यापक निकलाउस विर्थ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या भाषेला त्याचेच नाव दिले. विर्थ यांची भाषा मुख्यतः शिकवण्यासाठी होती. फोल्डरांची यादी मागण्याची सोय तिच्या मूळ रूपात नव्हती. पुढे १९८७ सालच्या टर्बो पास्कलच्या चौथ्या आवृत्तीत ती ‘डॉस’ नावाच्या युनिटमधून मिळाली. १९९५ साली आलेल्या डेल्फीत आणि विनामूल्य मिळणाऱ्या फ्री पास्कलमध्ये तीच पद्धत आजही चालते.

या पद्धतीत तीन आज्ञा आहेत. ‘फाइंडफर्स्ट’ पहिली जुळणारी फाइल आणून देते, ‘फाइंडनेक्स्ट’ त्यानंतरची एकेक देत जाते आणि ‘फाइंडक्लोज’ शोध मिटवते. सापडलेल्या फायलीचे नाव, आकारमान, तारीख आणि गुणधर्म ‘टीसर्चरेक’ या रेकॉर्डमध्ये येऊन बसतात. उत्तर शून्य आले, तर फाइल मिळाली. शून्याहून वेगळे आले, तर मिळाली नाही. शोध उघडला असेल तर काम संपताच तो मिटवावा. अन्यथा त्यासाठी घेतलेली स्मृती अडकून राहते.

इतके सरळ असताना फाइल निसटते कोठे?

पहिली जागा म्हणजे नावाचा नमुना. ‘बिल*.टीएक्सटी’ असे लिहिले, म्हणजे आरंभी ‘बिल’ आणि अखेरीस ‘टीएक्सटी’ असलेली नावेच येतील. ‘इन्व्हॉइस’ नावाने जपलेले बिल येणार नाही. तारका-टिंब-तारका हा नमुना विंडोजवर सर्व फायली देतो. लिनक्सवर मात्र नावात टिंब असलेल्याच देतो. लिनक्सवर लहान व मोठ्या लिपीतील रोमन अक्षरेही भिन्न मानली जातात. उलट, विंडोजवर कधी अधिकही मिळते: जुन्या आखूड नावांची सोय चालू असेल, तर ‘एक्सएलएस’ मागितल्यावर ‘एक्सएलएसएक्स’ फायलीही हाती येतात. म्हणून आलेले नाव आज्ञावलीने पुन्हा तपासून घ्यावे.

दुसरी जागा गुणधर्मांची. शोधताना कोणत्या गुणधर्मांच्या फायलीही घ्याव्यात, हे सांगावे लागते. तेथे शून्य लिहिले, तर लपवलेल्या फायली आणि फोल्डर वगळले जातात. ‘फाएनीफाइल’ लिहिले, तर सर्व येते. ‘फाडिरेक्टरी’ लिहिल्यावर केवळ फोल्डर मिळतील, असा नवशिक्यांचा समज असतो. प्रत्यक्षात साध्या फायलीही त्यासोबत येतात. शिवाय एकाच नोंदीला अनेक गुणधर्म एकत्र असू शकतात. म्हणून ती फोल्डर आहे की नाही, हे ‘बरोबर आहे का’ या चिन्हाने न तपासता ‘अँड’ क्रियेने तो एक गुणधर्म वेगळा काढून पाहावे.

तिसरी जागा सर्वांत फसवी. फाइंडफर्स्ट केवळ सांगितलेल्या फोल्डरातच पाहते, त्यातील पोटफोल्डरांत उतरत नाही. उतरण्यासाठी कार्यपद्धतीने स्वतःलाच पुन्हा बोलवावे लागते. पण तोच ‘बिल*.टीएक्सटी’ हा नमुना लावून पोटफोल्डर शोधले, तर एकही मिळत नाही; कारण ‘२०२१-२२’ या फोल्डराचे नाव त्या नमुन्यात बसतच नाही. आज्ञावली वरचा मजला पाहून परत येते आणि नम्रपणे ‘शोध पूर्ण’ म्हणते. यावर उपाय सोपा आहे: प्रत्येक फोल्डरात दोन फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीत नमुन्याने फायली घ्याव्यात, दुसरीत सर्व नोंदी मागून त्यांतील फोल्डर निवडावेत आणि प्रत्येकात हीच क्रिया करावी.

या दुसऱ्या फेरीत दोन पथ्ये आहेत. एक टिंब आणि दोन टिंबे अशा दोन नोंदी यादीत येतात. पहिली त्याच फोल्डराची, दुसरी त्याच्या वरच्याची. त्या वगळल्या नाहीत, तर आज्ञावली स्वतःच्याच पायरीवर पुनःपुन्हा चढत राहते आणि शेवटी कोलमडते. दुसरे पथ्य असे, की टीसर्चरेकचे चल कार्यपद्धतीच्या आत, स्थानिक असावे. सर्वांना मिळून एकच चल ठेवले, तर आतला शोध बाहेरच्या शोधाची खूण पुसून टाकतो. दोन मुनिमांनी एकाच वहीत एकच खूणचिठ्ठी वापरावी, तसा हा प्रकार होतो.

चौथी जागा म्हणजे बंद दार. एखादे फोल्डर उघडण्याची परवानगी नसेल, तरी उत्तर शून्याहून वेगळेच येते आणि निष्काळजी आज्ञावली त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा लावते. विंडोजवर या उत्तरांत भेद असतो: २ म्हणजे जुळणारी फाइल नाही, ३ म्हणजे तो मार्गच नाही आणि ५ म्हणजे प्रवेश नाकारला. रिकामी वखार आणि कुलूपबंद वखार यांत जो फरक आहे, तोच २ आणि ५ या आकड्यांत आहे. तो टिपून ठेवणे हे शोधणाऱ्याचे कर्तव्य होय.

म्हणून चांगल्या शोधाने केवळ सापडलेल्या फायलींची यादी देऊन थांबू नये. किती फोल्डर पाहिले, किती फायली जुळल्या आणि कोणती फोल्डर उघडता आली नाहीत, असा ताळेबंद अखेरीस द्यावा. रोजमेळात जमा-खर्चासोबत शिल्लकही लिहिल्याशिवाय दिवस मिटत नाही, तसेच हे आहे.

आज्ञावली घरी लिहिलेली असो वा विकत घेतलेली, तिची परीक्षा पाच मिनिटांत होते. चार ओळखीच्या फायली ठेवाव्यात: एक वरच्या फोल्डरात, एक तीन पातळ्या खाली, एक लपवलेली आणि एक मोठ्या लिपीतील नावाची. चारही आल्या, तर तिच्या होकारावर आणि नकारावर बऱ्याच अंशी विश्वास ठेवता येईल. एकही राहिली, तर आधी आज्ञावली दुरुस्त करावी. बिल हरवले असे वकिलाला किंवा सनदी लेखापालाला त्यानंतरच कळवावे.