रागाचे पाच गुण

३१ मार्चच्या संध्याकाळी आमच्या शाखेत ठेवींना पूर येई आणि २ एप्रिलला तो ओसरे. दोन-चार व्यापारी मॅनेजरसाहेबांच्या शब्दाखातर रक्कम आणून ठेवत, आकडा वर कळवून झाला की काढून नेत. वर विचारला जाई तो त्या एका दिवसाचा आकडा, म्हणून आम्हीही शाखा त्या एका दिवसापुरती सजवायला शिकलो. पेन्शन न्यायला आलेल्या आजींशी दोन शब्द बोलण्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. ते बोलणे हळूहळू आटले.

निवृत्त झाल्यावर यातून सुटलो असे वाटले होते. मग मी फेसबुकवर आलो.

तिथे ‘लाइक’चे बटण २००९ साली आले. २०१६ साली जोडीला हृदय, हसू, अश्रू, आश्चर्य आणि रागाने लाल झालेला चेहरा आला. कुणाचा मजकूर किती जणांपुढे न्यायचा, या कंपनीच्या गणितात २०१७ पासून अशा प्रत्येक चेहऱ्याला लाइकच्या पाचपट वजन होते. म्हणजे शांतपणे मान डोलावणाऱ्याचा एक गुण, संतापणाऱ्याचे पाच! ज्यावर लोक चिडतात त्या मजकुरात खोटेनाटे जास्त असते, हे पुढे कंपनीच्याच माणसांना आढळले. २०२० साली रागाचे वजन शून्यावर आणले. अपप्रचार कमी दिसू लागला आणि, गंमत म्हणजे, लोकांची वर्दळ काही घटली नाही. हे आपल्याला कळले ते २०२१ साली, अंतर्गत कागद बाहेर फुटले तेव्हा.

माझे मत विचाराल तर हा आकडा लिहिणाऱ्यालाच दिसू नये. २०२१ पासून तो लपवायची सोय आहे खरी, पण ती इतरांपासून; आपल्याला आपला आकडा दिसतच राहतो.

कंपनीला नावे ठेवणे सोपे आहे. २०१८ साली मराठी शाळांवरच्या वादात मी बँकेतल्या एका जुन्या मित्राला चारचौघांत झोंबेल असे उत्तर लिहिले. एरवी माझ्या मजकुराला बारा-पंधरा लाइक पडत. त्या दिवशी दोनशेच्या वर गेले. दर दहा मिनिटांनी मी आकडा पाहत होतो, थेट मार्चअखेरीसारखा.

मित्राने उत्तर दिले नाही. माझ्या प्रत्येक कादंबरीचे हस्तलिखित तो वाचायचा आणि ‘हे प्रकरण काढ’ म्हणून तोंडावर सांगायचा. गेल्या दोन कादंबऱ्या त्याच्या नजरेखालून न जाताच छापल्या गेल्या.