किनारा कोणाच्या वहिवाटीचा?

सायकलवरून लांब फिरायला गेलेल्या जोडप्याचे फोटो इन्स्टाग्रामवर आले की खाली ठरलेल्या दोन कमेंट येतात. पहिली, "नशीबवान आहात." दुसरी, "आपल्याकडे हे शक्य नाही, आपली माणसंच तशी नाहीत." पहिलीत थोडी असूया असते, दुसरीत थोडी लाज. मला दोन्ही पटत नाहीत आणि दुसरी तर घातक वाटते, कारण ती म्हणणाऱ्याला पुढे काहीच करावं लागत नाही. दोष एकदा 'मानसिकते'वर ढकलला, की पुलाचा आराखडा कोणी काढला आणि समुद्राकडे जाणारी वाट कोणी अडवली, हे विचारायची गरज उरत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माहेर गुहागर तालुक्यात, शिक्षण पुण्यात, नोकरी सध्या अमेरिकेत ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळ. गेल्या सप्टेंबरात मी आणि नवरा ओरेगनचा अख्खा किनारा सायकलने उतरलो. उत्तरेच्या अस्टोरियापासून दक्षिणेच्या ब्रुकिंग्जपर्यंत साधारण ६०० किलोमीटर, ११ दिवस. सायकलला लावलेल्या बॅगांत तंबू, स्लीपिंग बॅगा, छोटा स्टोव्ह आणि डाळ-तांदूळ. बहुतेक सगळे उत्तरेकडून दक्षिणेकडेच जातात. उन्हाळ्यात वारा वायव्येचा असतो, तो पाठीवर घेता येतो. शिवाय तिकडे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यामुळे समुद्र सतत आपल्या बाजूला राहतो.

किनारा देखणा आहे, यात वाद नाही. एका हाताला पॅसिफिक, दुसऱ्या हाताला सिट्का स्प्रूसचं ओलं, काळोखं जंगल. सकाळी धुकं इतकं दाट की दिवा लावून चालवावं लागतं. पण या सौंदर्याबद्दल मी लिहीत बसणार नाही, तेवढं रीलमध्ये मिळतं. मला बोलायचंय ते संध्याकाळबद्दल. दिवसभर चालवून पाय भरून आले आहेत, अंधार पडायला तासभर आहे आणि झोपायचं कुठे हे ठरलेलं नाही. सायकलवरच्या प्रवासाचा खरा प्रश्न चढ नसतो, हा असतो.

ओरेगनमध्ये त्याचं उत्तर आधीच तयार होतं. किनाऱ्यावरच्या बऱ्याच स्टेट पार्कांत 'हायकर-बायकर' नावाची वेगळी जागा राखलेली असते. पायी किंवा सायकलने आलेल्यांसाठीच. आरक्षण लागत नाही. माणशी काही डॉलर द्यायचे, झाडाखाली तंबू ठोकायचा, टेबल आणि शेकोटीची जागा इतरांबरोबर वाटून घ्यायची. पाणी आहे, संडास आहे, गरम पाण्याची आंघोळ आहे. उतरायच्या जागा एकमेकींपासून एका दिवसाच्या टप्प्यात येतात. शेजारच्या तंबूत एकटीच निघालेली साठीची बाई होती, पलीकडे कॉलेजातली दोन पोरं. ११ रात्रींत आम्हा दोघांचं नातं काय, हे आम्हाला कोणी विचारलं नाही.

आता खरा मुद्दा. हे सगळं तिथल्या माणसांच्या चांगुलपणातून उगवलेलं नाही. ते भांडून मिळवलेलं आहे आणि त्या भांडणाच्या तारखा आहेत.

१९१३ साली ओरेगनचे गव्हर्नर ऑस्वाल्ड वेस्ट यांनी भरती-ओहोटीच्या मधला पट्टा कायद्याने सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर करवून घेतला. पण त्या पट्ट्याच्या वरची कोरडी वाळू, जिथे माणूस बसतो, चटई पसरतो, ती कोणाची हे मोघमच राहिलं. १९६६ साली कॅनन बीच या गावात एका मोटेलमालकाने हॉटेलसमोरच्या कोरड्या वाळूला कुंपण घातलं. फक्त आमच्या गिऱ्हाइकांसाठी! ओळखीचं वाटतंय ना? लोकांनी तक्रारी केल्या, वर्तमानपत्रांनी विषय उचलला, गव्हर्नर टॉम मॅकॉल हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर उतरले आणि १९६७ साली 'बीच बिल' मंजूर झालं. वनस्पती सुरू होतात त्या रेषेपर्यंतची वाळू वापरायचा हक्क लोकांचा ठरला. मोटेलमालक कोर्टात गेला. १९६९ साली ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो रूढीच्या आधारावर: लोक पिढ्यान्‌पिढ्या ही वाळू विनाअडथळा वापरत आले आहेत, म्हणून तो त्यांचा हक्क आहे.

आपल्या भाषेत याला एक नेमका शब्द आहे, वहिवाट. तो समजायला कोकणातल्या माणसाला अमेरिकेतला निकाल वाचायची गरज नाही. शेताकडची वाट शेजाऱ्याने गडगा घालून अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागायची सोय मामलतदार न्यायालय अधिनियमाने १९०६ सालीच करून ठेवली आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात रूढीने आलेल्या हक्काला स्वतंत्र कलम आहे. म्हणजे कल्पना परकी नाही. शेताच्या बांधावर आपण ती पिढ्यान्‌पिढ्या वापरतो, समुद्राकडे तोंड केलं की विसरतो.

दुसरी तारीख १९७१ ची. त्या वर्षी ओरेगनने 'बायसिकल बिल' मंजूर केलं. ते मांडणारा आमदार डॉन स्टॅथॉस रिपब्लिकन पक्षाचा होता, हेही लक्षात ठेवा. कायदा साधा आहे. रस्ता नवा बांधला, पुन्हा बांधला किंवा हलवला, की त्यात पायी आणि सायकलने जाणाऱ्यांची सोय करायची. आणि महामार्ग निधीतला किमान १ टक्का त्यावर खर्च करायचा. फक्त १ टक्का.

आणि जंगल? तेही आपोआप उरलेलं नाही. १९२९ ते १९५० या काळात सॅम्युएल बोर्डमन हे तिथल्या पार्क विभागाचे पहिले प्रमुख होते. किनाऱ्याचे तुकडे विकत घेत, देणगीत मागून घेत त्यांनी पार्कांची माळ उभी केली. माळेबाहेर काय होतं, तेही सायकलवरून दिसतं: झाडं सरसकट तोडलेल्या उघड्याबोडक्या टेकड्या आणि अंगाला वारा घालत जाणारे ओंडक्यांचे ट्रक. शिवाय हा किनारा 'सर्वांचा' होण्याआधी ज्यांचा होता, त्यांच्याकडून तो काढून घेतला गेला. १८५५ साली मूळ जमातींसाठी राखलेला किनाऱ्याचा पट्टा पुढच्या २० वर्षांत दोन हप्त्यांत गोऱ्या वसाहतकारांना मोकळा केला गेला. तेव्हा ओरेगनला स्वर्ग म्हणायची माझी तयारी नाही. उलट, माणसं सगळीकडे सारखीच हावरी असतात, हेच तो किनारा सांगतो. फरक पडतो तो कायद्याने.

आता आपला किनारा. अमेरिकेला जायच्या आधीच्या डिसेंबरात आम्ही दोघं रेवसहून निघून सायकलने माझ्या माहेरी आलो होतो. तोच तंबू, त्याच बॅगा. एका गावात सुरूच्या बनाच्या कडेला तंबू लावायला घेतला, तर दोघं जण येऊन म्हणाले, "बाईमाणूस बरोबर आहे, इथे झोपायचं नाही." काळजीने म्हणाले की दरडावून, ते कळलं नाही. बहुधा दोन्ही. दुसऱ्या एका गावात लॉजवाल्याने लग्नाचा दाखला मागितला, कारण आधार कार्डावर माझं आडनाव माहेरचं आहे. पण तिसऱ्या गावात एका आजीने स्वतःच्या खळ्यात तंबू लावू दिला आणि वर कुळथाचं पिठलं वाढलं. पैसे विचारले तर रागावली.

म्हणून 'आपली माणसंच तशी नाहीत' हे वाक्य मला चालत नाही. माणसं कशी आहेत ते आजीने दाखवलं. पण आजीच्या मायेवर प्रवास आखता येत नाही. ती मला मिळाली, कारण मी नवऱ्याबरोबर होते, गुहागरची होते, बोली तिच्या ओळखीची होती. एकटी मुलगी आली असती तर? दोन मित्र आले असते, ज्यांचं आडनाव आजीला खटकलं असतं, तर? पाहुणचार माणूस बघून मिळतो. हक्क माणूस न बघता मिळाला पाहिजे. कोकणच्या पाहुणचाराचे गोडवे गाताना हा फरक आपण सोयीने गिळतो.

आणि हा विषय फक्त सायकलवाल्या हौशी आयटीवाल्यांचा नाही. त्या प्रवासात आम्ही आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी आणि दाभोळ-धोपावे अशा तीन फेरीबोटी घेतल्या. पुढे तवसाळ-जयगड आहेच. फेरीबोटीवर ट्रक, कार, शाळेतली पोरं, मासळीची टोपली घेतलेली बाई आणि आमच्या सायकली, सगळे एकाच पत्र्यावर उभे असतात. बिनगाडीच्या माणसाला खाडी ओलांडायची ती हक्काची वाट आहे. आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. पुलाला माझा विरोध नाही. रात्री दुखणं काढलेल्या माणसाला बोटीची वेळ संपली म्हणून चिपळूणमार्गे वळसा घालावा लागू नये. पण पूल झाला, बोट बंद पडली आणि पुलावर चालायला, सायकलला जागाच ठेवली नसली, तर ती मासळीवाली पलीकडे जाणार कशी? गाडीवाल्याची वाट जवळ आली आणि तिची तुटली, याला विकास म्हणायचं का?

ही कल्पनेतली भीती नाही. ओरेगनच्या किनाऱ्यावरही फेरीबोटी होत्या. १९३६ साली कोंडे मॅकुलो या अभियंत्याच्या पाच देखण्या पुलांनी त्यांची जागा घेतली. त्यांतल्या न्यूपोर्टच्या याक्विना बे पुलावर आजही सायकलला वेगळी जागा नाही. कमानींचं सगळं जग कौतुक करतं आणि सायकलवाला मागच्या ट्रकचा श्वास मानेवर घेत पूल पार करतो. ३५ वर्षांनी कायदा आला, पण कायद्याने जुना पूल रुंद होत नाही. आमच्या धंद्यात म्हणतात, चूक डिझाइनमध्ये पकडली तर स्वस्त पडते, प्रॉडक्शनमध्ये पकडली तर महाग. पुलाचं प्रॉडक्शन शंभर वर्षं चालतं.

"पण आपली लोकसंख्या बघा," हे पुढचं वाक्य मला पाठ आहे. बघूया. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून २५ लाखांच्या आतच माणसं होती आणि २००१ पेक्षा दोन्ही जिल्ह्यांत ती कमी झाली होती. कोकणाला गर्दीने नाही, बंद घरांनी ग्रासलंय. आलेल्याला एक रात्र टेकायला स्वस्त जागा मिळाली, तर चार पैसे गावात राहतील. सायकलवाला वीस मैलांवरच्या मॉलमध्ये जेवायला जाऊ शकत नाही. तो जिथे थांबतो तिथेच खातो.

"आणि बायकांची सुरक्षितता?" हा प्रश्न तर मलाच विचारला जातो, नवऱ्याला कधीच नाही. ओरेगनमध्ये मी तंबूत निर्धास्त झोपले ती जंगलावर विश्वास होता म्हणून नव्हे. संडासात दिवा होता, पार्कची माणसं फेरी मारत होती, आजूबाजूला आणखी तंबू होते, आणि मी तिथे असणं नियमाला धरून होतं. आपल्याकडे उलटं आहे. जागा नाही, म्हणून बाईने यायचं नाही. बाई येत नाही, म्हणून जागेची मागणी नाही.

मागणी काय करायची, तेही सांगते. पहिली, प्रत्येक नव्या खाडीपुलावर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी कठड्याआड वेगळी मार्गिका. दुसरी, किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यात पाणी, दिवा, संडास असलेलं निदान एक तंबूचं मैदान. ग्रामपंचायतीने द्यावं, बचत गटाने चालवावं, आणि तिथे ओळखपत्र पुरेसं असावं, नात्याचा पुरावा नाही. तिसरी, समुद्राकडे जाणारी प्रत्येक जुनी पाखाडी आणि पाणंद मोजून गावाच्या नकाशावर चढवावी. भरतीरेषेखालची जमीन सरकारची आहेच. अडते ती तिथवर पोचायची वाट. दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांना किनाऱ्यावर जायला किमान २० मीटर मोकळी जागा सोडायची, ही अट सीआरझेडच्या अधिसूचनांत आहे. तुमच्या गावात ती जागा कुठे आहे? टेप घेऊन कोणी मोजली आहे?

यातली एकही गोष्ट मानसिकता बदलण्याची वाट बघत नाही. ग्रामसभेला हात वर करणारा माणूस लागतो, माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज लागतो, पुलाच्या आराखड्यावर वेळेत नोंदवलेली हरकत लागते. वहिवाट वापरली तरच टिकते. तेव्हा पुढच्या सुट्टीत कोकणात याल तेव्हा पाच मिनिटं गाडीतून उतरा आणि समुद्राकडे जाणारी जुनी वाट कुठली, ते गावात कोणाला तरी विचारा. वाट मोकळी असेल तर तिच्यावरून चालत जा. बंद असेल तर ती कोणी बंद केली, ते लिहून ठेवा आणि तक्रार अर्ज तिथूनच सुरू करा.